डब्याच्या बुडावरचं तोंड

डबा फुगला म्हणजे गच्च भरला, असं माह्या मायचं मत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते याच्यातूनच झालं, अन् मायले कोणी अडाणी म्हणू नये म्हणून पण सांगतो. आमच्याकडं वस्तू अशीच घेतात. नारळ कानाशी हलवायचा, टरबुजाले टिचकी मारायची, वांग्याचं देठ दाबून पाहायचं. तर रिसोडच्या बाजारात तिनं गोड घट्ट दुधाचे डबे पाह्यले, काहीचं झाकण सपाट अन् काहीचं पुरीसारखं वर आलेलं. तिनं सपाटवाले बाजूले सारले अन् पुरीवाले घेतले. एकेकाले टिचकी मारून घेतले. चोवीस डबे. घरी आल्यावर तिनं मले खुशीत फोन केला, "इतके भरेल हायत ना रे, झाकन फाटाले आलं."

मी काय म्हटलं असीन? मी म्हटलं, बरं झालं. समोर गिऱ्हाईक होतं, अर्धं ऐकलं, अर्धं नाई, अन् फोन ठेवून देल्ला. साऱ्या वाशिम जिल्ह्यात ते वाक्य ऐकून ज्यानं ताडकन उठून बसाले पायजे होतं तो माणूस मीच होतो. माहं कामच ते होतं.

काम सांगतो. वाशिमले एक मार्ट हाय, नाव सांगत नाई. सकाळी मी कॉलेज करायचो अन् दुपारून तिथं जायचो. मालकानं पहिल्याच दिवशी मले एक काळा मार्कर देल्ला अन् म्हटलं, "तू एक्स्पायरी पाह्यजो." म्हणजे फळ्यांवरच्या एकेका वस्तूची तारीख वाचायची, तारीख गेली असली की ती वस्तू मागच्या खोलीत नेऊन टाकायची. बिस्किटं, शाम्पू, मसाले, हे सगळं सोपं. घाण काम डब्यांचं.

मागची खोली टिनाची. उन्हाळ्यात आत पाय ठेवला की पहिले डोळे चुरचुरायचे, मंग नाकाले कळायचं. एकदा मक्याच्या दाण्याचा डबा शिवणीवर उकलला होता अन् त्याचं पाणी खालच्या सगळ्या खोक्यांत उतरलं होतं. खोका उचलला तर बूड खालीच राह्यलं. पुठ्ठा लोण्यासारखा झाला होता, अन् त्याच्यात अळ्या, पांढऱ्या, टच्च, दाण्याएवढ्याच. दाणा कोणता अन् अळी कोणती हे ती हलली तेव्हाच समजायचं. मी तिथून बाहेर येऊन नालीत ओकलो. दुसऱ्यांदा मशरूमचा डबा होता, त्याचं काहीच सांगत नाई. रसगुल्ल्याचा सांगतो. त्याचा पाक बाहेर येऊन वाळला होता अन् जिथं वाळला नव्हता तिथं तो लाळेसारखी तार धरत होता, अन् त्या तारेले मुंग्या चिकटून मेल्या होत्या, ओळीनं. झाकणावर उंदराचं मूत वाळून पिवळे चट्टे पडले होते. मालक आला, खिशातला रुमाल काढला, झाकण पुसलं अन् म्हणे, "हा चांगला हाय, समोर ठेव." तोच रुमाल त्यानं मंग तोंडाले लावला. मी पाह्यलं.

मी म्हटलं, "मालक, याची तारीख गेली."

"डब्यातलं कधी खराब होते का बे? खराब होऊ नाई म्हनून तं डब्यात टाकते."

"मंग तारीख कायले टाकते?"

"सरकारले दाखवाले."

मले चैन पडेना. मी मोबाईलवर वाचत सुटलो, रोज, जेवताना पण, जे करू नये. काय समजलं ते सांगतो, तुमाले कामात येईन. तारीख गेली म्हणजे दुसऱ्या दिवशी विष झालं, असं नाई. डबा कोरडा असन, थंड्या जागी असन, कुठं चेमटला नसन, तर तारखेनंतर पण आतलं बहुतेक खाण्यालायक राह्यते, चव तेवढी उतरते. उलटं पण खरं हाय. तारीख पुढची असो की मागची, डबा फुगला असन, शिवणीवर चेमटला असन, गळत असन, नाईतर उघडल्या उघडल्या फुस्स करून फेस आला, तर तो चाखून पण पाहायचा नाई. आत काहीतरी जिवंत हाय, ते खाऊन राह्यलं अन् वायू सोडून राह्यलं, म्हणून झाकण वर येते. म्हणजे तो डबा आतून पादून पादून फुगते. हे मी मालकाले असंच सांगितलं. तो हसला. म्हणे, "तू डॉक्टर हो बे."

आता त्या तोंडाचं. तारीख गेलेला डबा ओळखू यावा म्हणून मालकानं मले फुली मारायले सांगितलं होतं, बुडावर. दिवसभर फुल्या मारून कंटाळा यायचा. मंग मी तोंडं काढायले लागलो. गोल, डोळ्याच्या जागी दोन फुल्या, अन् खाली बाहेर लोंबणारी जीभ. मेलेला माणूस. जीभ मी नेहमी डावीकडं काढायचो, कारण मी डावरा हाय अन् हात तसाच वळते. काउंटरवरच्या पोट्ट्यांना ते लय आवडलं. कोणी डबा घेऊन यायचं अन् म्हणायचं, "हा मेला का भाऊ?" मी म्हणायचो, "मेला. जीभ काढून द्या त्याची." चार-पाच महिने अशी तोंडं काढली. मोजली नाईत. मोजाले पायजे होती.

बुद्धपौर्णिमेच्या पंधराएक दिवस आधी एक ऑटो आला. माल उचलणारा माणूस होता, त्याले सगळे लॉटवाला म्हणत. मालक मले म्हणे, "मागचे डबे भरून दे."

"कुठी जाते हे?"

"जनावराले. डुकरं पाळते कोनी, तिकडं."

मी भरायले लागलो. खोका मी द्यायचो, लॉटवाला आत लावायचा. अन् तो एकेक खोका उघडून पाहून राह्यला होता. गळका डबा दिसला की काढून खाली ठेवायचा. चेमटलेला, मोडलेला, चिकट झालेला, खाली. फुगलेला पण कोरडा असला तर आत. मी तिथं उभा राहून विचार केला, डुकराले गळका डबा काहून चालत नाई? डुकराले काय झाकण कोरडं पायजे का? हा विचार माह्या डोक्यात आला, पूर्ण आला, मी खोटं बोलत नाई. अन् मी पुढचा खोका उचलून त्याच्या हातात देल्ला. मालकानं आमाले थंडा पाजला. मी तो पेलो.

आता घरचं. आमचं गाव मेडशीच्या पुढं आत हाय. आमच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेले विहारात खीर वाटतात अन् दर वर्षी एका घराची पाळी असते. त्या घरानं दूध, तांदूळ, साखर सगळं पाहायचं, अन् खीर त्या घरच्या बाईच्या हातची. तीसेक घरं हायत, म्हणजे एका बाईले ही पाळी जन्मात एखाद-दोनदा येणार. यंदा आमची होती. अन् मागच्या वर्षी मोठ्या मायची होती. मोठी माय म्हणजे माह्या बाबाच्या मोठ्या भावाची बायको, घर आमच्या घराले लागून, तोंड वस्तीत सगळ्यात मोठं. मागच्या वर्षी तिची खीर पातळ झाली होती अन् माह्या मायच्या तोंडून सगळ्यांदेखत निघून गेलं होतं, "बाई, खीर हाय का खिरीचं आंघोळीचं पानी?" वर्षभर मोठी माय त्या वाक्याची परतफेड करायची वाट पाहून राह्यली होती. म्हणून मायले खीर घट्ट पायजे होती. अन् यंदा मे महिन्यात वस्तीतल्या म्हशी आटल्या होत्या. जिनं दूध द्यायचा शब्द देल्ला तिनं आदल्या आठवड्यात हात वर केले. म्हणून माय रिसोडले गेली, तिथं तिचं माहेर हाय, अन् तिथं बाजारात एका गाडीवर तिले हे डबे दिसले.

पौर्णिमेच्या दिवशी मी वाशिमहून सकाळच्या एसटीनं आलो. विहारात पोचलो तेव्हा वंदना होऊन गेली होती. बाया पांढऱ्या साड्यांत चुलीभवती, लेकरं कटोऱ्या घेऊन ओट्यावर ओळीनं बसलेले. लेकरांना पहिली खीर द्यायची असते. एक पोट्टी कटोरी डोक्यावर टोपीसारखी घालून बसली होती. मोठ्या गंजात भात शिजून दुधात पडला होता, अन् माय एका दगडावर डबा ठेवून, पेचकसाचं टोक टेकवून मुठीवर बत्त्यानं ठोकून भोक पाडून राह्यली होती. ती कामात इतकी गढली होती की माह्याकडं पाहून नुसती मान हलवली.

ठक. अन् फुस्स.

भोकातून पिवळसर फेस उसळला, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिनं हात पदराले पुसला अन् म्हणे, "पाय, कसा दाबून भरला हाय. सोड्याच्या बाटलीसारखा."

वास आला. आता हा वास कसा सांगू? आंबलेलं ताक असते, ते चालते, त्याच्यावर माणूस जगलेला हाय. हा तसा नव्हता. गोड होता अन् त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, लेकराच्या ओकारीसारखं, घामानं भिजलेल्या चपलेसारखं. अन् वरून वेलची. मायनं वेलची भरपूर टाकली होती, त्यानं तो वास झाकला तर नाईच, उलटा नटवला.

मोठी माय तोंडाले पदर लावून उभी होती. "आंबट येऊन राह्यलं वं काही."

"उन्हाचं दूध हाय बाई. उकळलं की जाते."

"मागच्या वर्षी माही पातळ होती. वास नोता तिले."

बाया हसल्या. माय हसली नाई. तिनं डबा गंजात उलटा केला. आतलं पडलं नाई. मंग एक गोळा पडला, पचकन, दह्याच्या चोथ्यासारखा, त्याच्यामागं पाणी, अन् पाण्यामागं तार. तिनं बोटानं आतली कड निपटून ते पण गंजात झटकलं. बाजूले रिकामे डबे पडले होते, मी मोजले, नऊ. हा दहावा.

तुम्ही विचारसान, कोणी चाखून काहून पाह्यलं नाई? आमच्याकडं दानाची खीर वाटायच्या आधी चाखत नाईत. मोठी माय स्वतःच म्हणते की जुनं सगळं सोडलं आपण, हे एक कायले धरून ठेवलं. पण जीभ कोणाची पुढं होत नाई, तिची पण नाई. म्हणून नऊ डबे गेले अन् एका बाईनं पण बोट तोंडात घातलं नव्हतं. आता वाटते ते बरंच झालं.

मी एक रिकामा डबा उचलला. तारीख पाहायची मले सवय, हात आपोआप वळते. बुडावर एक नवं स्टिकर होतं, त्याच्यावर पुढच्या वर्षीची तारीख. स्टिकर तिरपं लागलं होतं. कंपनी असं स्टिकर लावत नाई, कंपनीची तारीख डब्यावरच ठोकलेली नाईतर छापलेली असते. मी नखानं कोपरा उचलला. डिंक ओला होता चिकट दुधानं, सहज निघाला.

खाली तोंड होतं. दोन फुल्या, अन् जीभ. डावीकडं.

मी दुसरा उचलला. तोंड. तिसऱ्यावर अर्धं पुसलेलं, पण तोंडच. मले असं वाटलं की ते माह्याकडं पाहून राह्यले, आता डोळ्याच्या जागी फुल्या असताना काय पाहतीन, पण वाटलं तसं. माय अकराव्या डब्यावर पेचकस ठेवून बत्ता उचलत होती. मी तिचा हात धरला.

"माय, हे टाकू नोको."

"हात सोड. लेकरं बसले."

"हे सडलं हाय. फुगला म्हंजे सडला. भरला म्हंजे नाई."

तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग बायांकडं. हळूच बोलली, "सगळ्याइसमोर कायले बोलून राह्यला? उकळून देतो चांगलं. उकळलं की मरते सगळं."

"किडे मरतीन. त्याइनं जे आधीच सोडून ठेवलं ते सगळं मरत नाई. लेकरं आजारी पडतीन माय. दवाखाना मालेगावले हाय."

तोपर्यंत सगळ्या बाया आमच्याकडं वळल्या होत्या. ओट्यावरची पोट्टी पण कटोरी काढून पाहून राह्यली होती. मोठी माय पुढं आली, माह्या हातातला डबा घेतला, वास घेतला अन् तोंड फिरवलं. मंग स्टिकर पाह्यलं. "तारीख तं पुढची हाय रे. तुले कसं माईत सडलं म्हनून?"

इथं मले खोटं बोलता आलं असतं. मोबाईलवर वाचलं म्हणालो असतो तर काम भागलं असतं, वाचलं तर होतंच. पण माय माह्याकडं पाहून राह्यली होती अन् तिचा हात कोपरापर्यंत त्या घाणीनं चिकट होता, त्याच्यावर माशी बसली होती, अन् ती माशी उडवत पण नव्हती.

"हे तोंड म्या काढलं," मी म्हटलं.

"कोनतं तोंड?"

मी दाखवलं. स्टिकर काढून एकेक दाखवलं. म्हटलं, आमच्या मार्टातले हायत, तारीख गेली म्हणून मीच बाहेर काढले, मीच खूण केली. मालक म्हणे डुकराले जाते. मीच ऑटोत भरले.

"डुकराले," मोठी माय म्हणे.

कोणी हसलं नाई. मले वाटलं कोणीतरी हसन. मोठ्या मायनं डबा माह्या हातात वापस देल्ला, तिच्या बोटाले चिकटलेलं चुलीच्या राखेत घासलं अन् म्हणे, "म्हंजे तूनंच पाठवले होय आमाले."

मायनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्याच्यावर पाणी टाकलं. झालं. तिच्या जन्मातली पाळी तिनं अशी विझवली, एका तांब्यात. मंग ती उठून हातपंपावर गेली अन् हात धुवायले लागली.

गंज रिकामा करायचं काम मी केलं. मी कोणाले हात लावू देल्ला नाई. विहारामागं खड्डा खणला, कमरेइतका, कारण कुत्रे उकरतीन, बकऱ्या फिरतात. दोघा चुलतभावांनी गंज उचलायले हात लावला तेवढाच. खीर ओतली तेव्हा वाफेसकट तो वास वर आला, गरम झाल्यावर तो आणखी मोकळा झाला होता, अन् भाताचे दाणे सुजून पांढरे टच्च, मले मागच्या खोलीतला मका आठवला. मी खड्ड्याच्या काठावर गुडघ्यावर बसलो अन् त्याच खड्ड्यात ओकलो. पोटात काही नव्हतं तरी ओकत राह्यलो. मंग उरलेले चौदा डबे टाकले, पण त्याच्या आधी एकेकाले पेचकसानं भोक पाडलं, कारण मले आता कळलं होतं की अख्खा डबा जमिनीतून पण बाजारात जाऊ शकते. एकेक भोक अन् एकेक फुस्स. कपड्यावर, मिशीवर, एकदा सरळ तोंडावर. चुना टाकला, फिनाईल टाकलं, माती लोटली. गंजाच्या तळाले जो थर धरला होता तो मी राखेनं, काथ्यानं, नखानं खरडला. नखात गेला. तो वास नखातून तीन दिवस गेला नाई, मी जेवताना चमचा घ्यायचो.

इकडं मोठ्या मायनं घराघरातून गूळ मागवला, कोणाच्या घरचं गिलासभर दूध असन ते मागवलं, अन् दुसऱ्या गंजात गुळाची खीर केली. पाणीच जास्त होतं. लेकरांनी खाल्ली. पातळ होती, पण यावर ना मोठी माय काही बोलली ना दुसरं कोणी, अन् मायले ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं, मले दिसत होतं. तिले टोमणा पायजे होता. टोमणा आला असता तर हिशोब मिटला असता.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं. भाकर थापत होती, मागं न वळता म्हणे, "त्या गाडीवर अजून लय होते. म्या तं फुगलेले घेतले. बाकीचे कुठी गेले असतीन?"

मी तोंडं मोजली नव्हती. कोणाच्या घरी लग्न असन, कोणाच्या घरी बारसं. पोहरादेवीले देवळासमोर कोणी दुकान लावलं असन, त्या गर्दीत कोण बुडाचं स्टिकर खरडून पाहते? खीर होईन, बासुंदी होईन, वरून वेलची.

दोन दिवसांनी मी वाशिमले गेलो. मालक काउंटरवर होता. मी डबा त्याच्यासमोर ठेवला, एक ठेवला होता धुऊन, तोंड वर करून. म्हटलं, "हा आमच्या विहारात निघाला. रिसोडहून आला."

त्यानं डबा उचलला, पाह्यला. त्याचा चेहरा पडन असं मले वाटलं होतं. तो म्हणे, "तूनं तोंड कायले काढलं बे? नुसती फुली मारली असती तं कोनाले समजलं नसतं."

"मालक, लेकरं खाणार होते."

"खाल्लं का?"

"नाई."

"मंग?" अन् तो रुमाल काढून कपाळ पुसायले लागला. तोच रुमाल.

मी मागच्या खोलीत गेलो. पंधरा-वीस दिवसांचा माल जमा होता, तीन-चार खोके, सगळ्यांच्या बुडावर माहीच तोंडं, हसत नाईत, रडत नाईत, जीभ काढून. पेचकस भिंतीले लटकलेला असायचा. मी पहिला डबा पायात धरला अन् मारला. दूध नव्हतं, अननसाचा होता, त्याचं पाणी कारंज्यासारखं छताले लागलं. दुसरा. तिसरा मशरूमचा, त्याचं मी आधी सांगितलं नाई अन् आता पण सांगत नाई. रसगुल्ले, मका, वाटाणे, दूध. मी थांबलो नाई. टिनाच्या खोलीत तो सगळा वास एक झाला अन् दाराच्या फटीतून समोर दुकानात गेला. बाहेर एक बाई म्हणाली, "इथं काही मेलं का हो?" मंग पावलं ऐकू आली, गिऱ्हाईकं निघून चालली होती. मालक दारात आला, नाकाले रुमाल, आत येववेना त्याले. शिव्या देल्ल्या त्या लिहीत नाई. शेवटी म्हणे, "निघ. उद्या दिसू नोको." माह्या हातात शेवटचा डबा होता. मी तो फोडला अन् मंग निघालो.

एसटीत माह्या बाजूले बसलेला माणूस मालेगाव यायच्या आधीच उठून दांड्याले धरून उभा राह्यला. मागची बाई खिडकीत तोंड घालून बसली. कंडक्टरनं तिकीट हात लांब करून देल्लं. मले स्वतःलेच माह्या बाजूले बसावं लागून राह्यलं होतं.

घरी पोचलो तर दिवस होता अजून. मायनं मले दारातच अडवलं. "आत येऊ नोको." तिनं आंगणात बादली ठेवली, कपडे धुवायचा साबण देल्ला, अन् तांब्यातांब्यानं माह्या डोक्यावर पाणी टाकायले लागली, लहानपणी टाकायची तसं. मी हात घासले, नखं घासली, वास घेतला, पुन्हा घासले.

"किती फोडले?"

"खोलीतले सगळे."

"अन् जे गेले ते?"

मी साबण खाली ठेवला. तिनं तो उचलून माह्या हातात वापस देल्ला.

"अजून घास," म्हणे.